गोगलगायीला मीठ टाकलं का?

माझी बायको गेली त्याला आता नऊ महिने झाले. जाताना तिच्या मनात काय राहिलं होतं, हे साऱ्या भावकीत एकट्या मला ठाऊक होतं. दहाव्याला नदीवर मला ते चार माणसांत बोलायचं होतं. मी बोललो नाही. लाजलो. त्या लाजेपायी माझ्या लेकीनं सात महिने डोळे गाळले. म्हणून हे लिहून ठेवतो. मी चौथी शिकलेला माणूस. अक्षर वाकडं आहे, पण लिहिलेलं खरं आहे.

तिचे गुडदे गेले होते. आठवड्यातून दोनदा हिंगोलीला रक्त धुवायला न्यावं लागायचं. पहाटे निघायचं, जवळा बाजारहून गाडी धरायची, दिवस मोडून घरी यायचं. बाकीचे दिवस ती बाजेवर पडून. शेताचं पोरगं आन सून पाहायचे. मला म्हणाले, आबा, तुमी आईपाशी बसा. बसलो. आता दोन म्हातारी माणसं दिवसभर एका खोलीत काय बोलणार? पंचेचाळीस वर्षांत बोलायचं ते बोलून झालेलं. मग टीव्ही लागला.

दुपारी एकला एका चॅनलवर जनावरांचे पिच्चर लागायचे. म्हणजे बैला-वाघाचे नव्हेत. तसले चांगले पिच्चर नव्हते ते. परदेशातले, हिंदीत बोलायला लावलेले. कुठं कोंबडीएवढे डास, कुठं पंख फुटलेली मगर. एका पिच्चरमध्ये हाटेलातल्या पोहायच्या हौदात बेंडूक वाढून एष्टीएवढा झाला, आन हाटेलवाला काय करतो, तर गिऱ्हाईक जाईल म्हणून त्याच्यावर ताडपत्री टाकतो. ताडपत्री हलून राहिली, माणसं शेजारी बसून सरबत पिऊन राहिली. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. दवाखान्यातनं आल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, म्हणून मी ते चॅनल बदललं नाही.

पुढं आम्हाला त्याची चटक लागली. खरं लिहायचं म्हणलं तर तिच्याहून जास्त मला लागली. पावणेएक झाले की मी भाकर उरकून हात धुवायचो.

त्यात काय पाहण्यासारखं होतं, असं कोणी विचारलं तर मी सांगू शकतो. ते सगळं खोटं आहे हे चटकन दिसतं. मगरीच्या पोटाखालची दोरी दिसती. शंभर पायांची घोण असती, तिच्या पायात चाकं दिसतात. तीन पिच्चरमध्ये तेच एक जंगल, तीच लाल जीप. ज्यानं केलं त्याच्यापाशी पैसा नव्हता, पण हौस दांडगी होती, आन त्याला कोणी म्हणालं नाही की बाबा, असलं करू नको, लोक हसतील. मला तो माणूस आवडायचा. कारण मी बी एकदा तसलंच केलं होतं. लग्न झालं त्या साली जत्रेत मी अस्वलाचं सोंग घेतलं. अंगाला गोणपाट, त्यावर शेळीचे केस चिकटवलेले, तोंडाला काजळी. लेकरं चिरकत पळाली, म्हातारे बी दोन पावलं मागं सरले. नवी नवरी तेवढी जागची हलली नाही. पदरात तोंड खुपसून हसत होती. घरी आल्यावर म्हणाली, "टाचा तर तुमच्याच दिसून राहिल्या व्हत्या. पण भ्या बी वाटलं बरं का, थोडंसं." तेच आहे त्या पिच्चरमध्ये. टाचा दिसतात आन भ्याही वाटतं, थोडंसं.

ज्याला दवाखान्यातलं खरं भ्या ठाऊक आहे त्याला असलं भ्या बरं वाटतं. ती मशीनला दोन-दोन नळ्या लावून चार तास पडायची. एकदा मला म्हणाली, "पिच्चरमधली जळू आठवती का? हे बी तसलंच. पण हे बिचारं पिलेलं वापस तरी देतं."

तिला जनावराची कीव यायची. जनावर माणसं खाऊन राहिलं तरी ही म्हणायची, "त्याचं घर खंदलं ना यायनं. त्यानं जावं कुठं? त्याला बी पोट हाये." आन माणसांवर चिडायची. एकटी बाई अंधारात तळघरात उतरायला लागली की ही बाजेवरून ओरडायची, "काहून चालली तिकडं, मरायला? घरात कोणी मोठं माणूस न्हाई का सांगायला?" एक बाई होती, पिवळ्या केसांची. सोमवारी तिला खेकड्यानं खाल्लं. गुरुवारी दुसऱ्या पिच्चरमध्ये ती पोलीस होऊन आली. ही उठून बसली.

"अवो, ही तर मेली व्हती की!"

"पिच्चर दुसरा हाये आजचा."

"असू द्या. आली ना वापस? बरं झालं बाई. तरणी हाये."

मग ती दर वेळी त्या बाईची वाट पाहायची. ती पुन्हा मेली की म्हणायची, येईल गुरुवारी.

आता माझी चूक लिहितो. भावकीतला माझा थोरला चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, त्याचं घर शेजारीच आहे. तो कधीही यायचा. त्याच्या वहाणा वाजल्या की मी टीव्हीकडं पाठ करायचो आन चऱ्हाट वळायला घ्यायचो. त्यासाठी अंबाडीचा वाख मी बाजेखाली ठेवलेलाच होता. दादा आत यायचा, टीव्हीवर डास माणसाला उचलून नेऊन राहिलेला.

"हे काय रे लेका? लेकरायचा खेळ?"

"काय करता दादा," मी म्हणायचो, "तिला तेच लागतं. आजारी माणूस."

"अगं बाई, देवाधर्माचं पाहावं या वयात."

 ती डोक्यावर पदर घ्यायची आन माझ्याकडं एकदा पाहायची. बस, एकदाच. तो गेला की म्हणायची, "वळलं का चऱ्हाट? दावं व्हईल का येका बैलाचं?" आमच्याकडं बैल राहिले नव्हते, हे तिला ठाऊक होतं. गावभर झालं की म्हातारीला राक्षसाच्या पिच्चरचा नाद लागला. मी होऊ दिलं.

आन मग गोगलगायीचा पिच्चर आला. फाल्गुन होता, ऊन तापायला लागलं होतं.

खताच्या कारखान्याचं पाणी गटारात जातं आन एक गोगलगाय वाढत वाढत पाण्याच्या टाकीएवढी होते, असा तो पिच्चर. आता गोगलगाय ती. तिची चाल काय असते? माणसं पळून राहिली, पडून राहिली, मागं वळून चिरकून राहिली, आन ती आपली सरकून राहिली. तरी सगळ्यांना गाठायची. कशी गाठायची ते त्या पिच्चरवाल्यालाच ठाऊक. मी हसून हसून लोळलो. पण ती हसत नव्हती. ती सरळ होऊन बसली होती. कारण गोगलगाय तिची चांगली ओळखीची.

दोन पावसाळ्यामागं आमच्या सोयाबीनवर शंखी गोगलगाय पडली होती. उगवलं की कुरतडलं, उगवलं की कुरतडलं. दुबार पेरलं, ते बी खाल्लं. तेव्हा ती धडधाकट होती. आम्ही दोघं दिवस उगवायच्या आत बादल्या घेऊन वाकायचो आन वेचायचो. बांधावर खड्डा केलेला, त्यात खडेमीठ. बादली ओतली की फेस यायचा आन सुरसुर आवाज व्हायचा. ती तोंड फिरवून ओतायची. म्हणायची, "माफ करा बायांनो, माह्या लेकरायचं बी पोट हाये." महिनाभर आमच्या हाताचा चिकटा गेला नाही.

तर टीव्हीवर लष्कर आलं. बंदुका मारल्या, काही होईना. तोफ मारली, शंखावरून उडाली. चष्मेवाले शास्त्रज्ञ फळ्यावर काहीबाही लिहून राहिले.

"मीठ टाका की रे!" ती ओरडली. "अवो, यायला सांगा कुणी, मीठ टाका म्हणावं!"

"त्यायला काय ठाऊक? त्यायनं कधी सोयाबीन पेरलं?"

"येवढे शिकेल लोकं. शेवटाला टाकतेत का न्हाई पहा."

"न्हाई टाकत. लाव पैज."

"लावा. मीठ टाकलं तर मी जितले. मग तुमी दादाच्या म्होरं म्हणायचं, हा नाद माहा हाये, मी पाहतो, ही न्हाई."

 "आन न टाकलं तर?"

"तर मंग हाये तसं. नाद माहाच."

ती हे हसत म्हणाली, पण मला कळलं. इतके दिवस मी किती वेळा पाठ केली, ते ती मोजून राहिली होती. मी म्हणलं, बरं. तेवढ्यात पंखा थांबला आन टीव्ही काळा झाला. बाहेर ओरडा झाला, विजेची डीपी जळाली. आमच्याकडं डीपी जळाली म्हणजे लाइनमन येणार, ट्रॅक्टर ठरणार, जळकी जाणार, नवी येणार. पाच दिवस लाइट नव्हती.

त्या पाच दिवसांत तिनं मला किती वेळा विचारलं. पाणी देताना, औषध देताना. "मीठ टाकलं असंल का हो?" मी म्हणायचो, सोड आता, पुन्हा लागंल की. ते चॅनल तेच तेच पिच्चर फिरवून फिरवून दाखवायचं. पण लाइट आली तेव्हा तिला दम लागायला लागला होता. गाडीत हिंगोलीच्या वाटेवर माझ्या मांडीवर डोकं होतं. तोंडाशी कान नेला तर म्हणाली, "पैज इसरू नका." मी म्हणलं, गप पड. ते शेवटचं बोलणं. दवाखान्यात गेल्यावर ती काही बोलली नाही. चौथ्या दिवशी गेली.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. पिंड ठेवले. सुनेनं तिच्या आवडीच्या शेवया केल्या होत्या, मिश्रीची डबी ठेवली होती, स्टीलच्या कपात गुळाचा चहा. बाभळीवर तीन कावळे बसलेले. शिवंनात. आमच्यात कावळा शिवला नाही तर माणसाचं मन कशात तरी अडकलंय असं धरतात, आन जवळच्यांनी एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा असतो. पोरगा पुढं झाला. "आई, आबाला अंतर देणार न्हाई." एक कावळा खाली उतरला, पाहिलं, पुन्हा वर गेला. लेक पुढं झाली. ती पुसेगावाकडं दिली आहे. "आई, लेकरायला मी शिकवीन गं." नाही. दादा पुढं झाला. "बाई, आमचं काही चुकलं माकलं असंल तर पदरात घे." नाही.

मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. ऊन वर आलं होतं. मी पुढं झालो, हात जोडले आन मनातल्या मनात म्हणलं, तो पिच्चर मी शेवटापर्यंत पाहतो आन तुला सांगतो. दादाला बी सांगतो.

कावळा उतरला. पिंडापासून हातभर अंतरावर आला. मान वाकडी करून त्यानं माझ्याकडं पाहिलं. हुबेहूब तिचीच पाहण्याची तऱ्हा, एकदाच.

"मोठ्यानं बोल रे लेका," दादा म्हणाला. "तिला ऐकू तर गेलं पाहिजे."

पन्नास माणूस उभा होता. सोयरे, व्याही, पोराचे सासरे. त्यांच्यासमोर मी काय म्हणू? की माझ्या बायकोचा जीव गोगलगायीत अडकलाय? तोंडातून निघालं, "लेकरायची काळजी करू नको." लेकरांची तिला काडीची काळजी नव्हती. लेकरं आपापल्या जागी बरी आहेत. कावळा उडाला तो नदीच्या पल्याड गेला.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. रीतीनं काम झालं. पण येताना बाया म्हणून राहिल्या, म्हातारीचं कायतरी राहिलं. लेकीनं ते धरलं. मागल्या दिवाळीला आईनं हिरवी साडी मागितली होती, मी पुढं पाहू म्हणलं, तेच राहिलं, असं म्हणत ती ऊर बडवायला लागली. पोराला वाटलं, शेवटच्या दिवशी मी डबा आणायला गेलो, आई माझी वाट पाहून राहिली असंल. मी ऐकून घेतलं. एका शब्दानं दोघं मोकळी झाली असती. तो शब्द काढायला मला सात महिने लागले.

चौदावा झाला आन मी रोज दुपारी एकला टीव्ही लावायला लागलो. पिच्चरचं नाव मला ठाऊक नव्हतं. चॅनल फिरवून दाखवतं, म्हणजे कधी तरी येणार. डास आले, मगर आली, बेंडूक दोनदा आला. पिवळ्या केसांची बाई किती वेळा मेली आन किती वेळा आली. तिला पाहिलं की मी टीव्ही बंद करून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचो. मग पुन्हा आत यायचो, कारण मधेच गोगलगाय लागली आन हुकली तर?

सून म्हणायची, "मामा, जरा शेताकडं चक्कर मारा, बरं वाटंल." दादा यायचा आन मी अजूनही वाख हातात घ्यायचो. म्हणायचो, तिची आठवण म्हणून पाहतो, तिला आवडायचं. मेल्यावर बी मी तिच्याच आड लपून राहिलो होतो. पेरणी झाली, सोयाबीन निघालं, दिवाळी आली.

भाऊबीजेच्या दिवशी लेक आली होती. ओवाळणं झालं, जेवणं झाली. दादा पान लावत बाजेवर बसला होता. लेक आन सून भांडी आवरून दारात टेकल्या होत्या. पोरगा भिंतीला पाठ लावून पेंगून राहिला होता. एक वाजला आन मी सवयीनं टीव्ही लावला. गटार. हिरवं पाणी. त्यात बोटाएवढी गोगलगाय.

माझा हात बाजेखाली गेला. वाख हाताला लागला बी. दादा म्हणाला, "झालं का रे तुह्या म्हातारीचं सुरू?"

मी वाख उचलला आन दारातून अंगणात फेकला.

"दादा, तिचं न्हाई. माहं हाये हे. पहिल्यापासून माहंच. तू आला की मी पाठ करायचो आन तिच्यावर ढकलायचो. दहाव्याला कावळा शिवला न्हाई तो याच्यापायी." आन सगळं सांगितलं. पैज, डीपी, गाडीतलं बोलणं. सांगताना टीव्हीकडं एक डोळा होताच.

 पोरगा जागा झाला होता. मग लेक म्हणाली, "आबा, मंग नदीवर काहून बोलले न्हाईत?"

"लाज वाटली."

"मी साडीपायी सात महिने रडून राहिले. झोप न्हाई मला. आन तुमाला लाज वाटली?"

"व्हय."

ती उठून आत गेली. भांडं आपटल्याचा आवाज आला. मी गेलो नाही मागं. काय तोंडानं जाणार? दादा पान चघळत टीव्हीकडं पाहत होता. तोफ आली होती.

"याला तोफ काय करंल?" तो म्हणाला. "लेका, मीठ पाहिजे."

"तेच ती म्हणायची."

"मंग टाकत काहून न्हाईत? एवढा समिंदर दिसून राहिला मागं, त्यात मीठच मीठ." दादा पुढं सरकला. "अरे ए चष्म्या! मीठ टाक!"

सून हसायला लागली. पोरगा म्हणाला, एक टिप्पर मीठ बस हाये. तेवढ्यात लेक आतून आली, डोळे लाल, हातात मिठाचा डबा तसाच. स्वयंपाकघरात हाताला लागला असंल. ती टीव्हीसमोर उभी राहिली आन ओरडली, "टाका की रे भाड्यायनो! माह्या आईनं कवाच सांगितलं तुमाला!" मग आम्ही सगळेच ओरडलो. मी बी. रस्त्यानं जाणारी माणसं दारात थांबून पाहायला लागली. पाहू दे म्हणलं.

मीठ टाकलं नाही. त्यांनी गावाच्या चहूकडं घराएवढे भोंगे लावले, त्यात कसलंसं गाणं वाजवलं आन गोगलगायीचा शंख तडकला. संपलं. दादा इतका चिडला की पान थुंकायला उठला. "भोंगेच लावायचे व्हते तर आपल्या वरातीतला डीजे न्यायचा!"

"आई हरली मंग," लेक म्हणाली. डबा अजून तिच्या हातात होता.

"हरली कशी?" दादा म्हणाला. "मिठानं एका तासात काम झालं असतं. पिच्चरवाला हरला."

पैजेप्रमाणं नाद तिच्याच नावावर राहायचा होता. पण मी आधीच बोलून बसलो होतो, आता ते माघारी घेता येत नाही. बरं झालं. लेक त्या दिवशी माझ्याशी फार बोलली नाही. जाताना पाया पडली आन म्हणाली, "पुढच्या बारीला मोठ्यानं बोला." पुढच्या बारीला म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीवर गेलो. शेवया नेल्या नव्हत्या, काही नेलं नव्हतं. बाभळीवर एक बी कावळा नव्हता. मी मोठ्यानं सांगितलं, मीठ टाकलं नाही, भोंगे लावले, तू हरलीस, आन दादाला मी सांगितलं. पल्याड एक बाई धुणं धुऊन राहिली होती. तिनं हात थांबवून पाहिलं. मी पुन्हा एकदा सांगितलं, तिला बी ऐकू जाईल असं.

घरी आलो, जेवलो. पावणेएकला वहाणा वाजल्या. दादा आत आला, टोपी खुंटीला लावली.

"आज कंचा हाये रे?"

"लागंल तो."

तो बाजेवर बसायला गेला. मी म्हणलं, "तितं नको दादा. उशाकडं ती बसायची. पायथ्याला बस."

तो पायथ्याला सरकला. मग पिच्चर लागला. घोण होती, चाकांची.